हात न देणारे वस्ताद

कळंबच्या शाळेत रुजू व्हायला गेलो त्या दिवशी शाळेच्या ओट्यावरून एक माणूस माझ्या डोळ्यांदेखत खाली पडला. पाय घसरला, चक्कर आली असं काही नाही. नीट उभा होता आणि एकदम धाडकन खाली आला. ओटा चांगला कमरेएवढा उंच. काखेतली वळकटी तिथंच टाकून मी धावलो आणि हात पुढे केला. त्या माणसानं मातीत पडल्यापडल्या माझ्या हाताकडे असं बघितलं, की जणू मी त्याला शिवीच दिली होती.

"हात मागं घ्या," तो म्हणाला. "पडलेल्याला हात देऊ न्हाय. आधी त्याला उठू द्यावं. उठला तर बरा हाय. न्हाय उठला तर मग बघावं."

मग तो कुठंही हात न टेकता सरळ उभा राहिला, धूळ झटकली आणि माझ्या तोंडाकडे न बघता पायांकडे बघत म्हणाला, "नवे गुरुजी व्हय? डावा पाय आळशी हाय तुमचा."

हे आमचे कवायत मास्तर. गाव त्यांना वस्ताद म्हणायचं. हजेरीपटावर त्यांचं नाव होतं, पण ते कधी कुणी घेतल्याचं मला आठवत नाही. दुसरी माणसं सकाळी सूर्यनमस्कार घालतात, तसे ते रोज शाळा भरायच्या आधी त्या ओट्यावरून एकदा पडत. नवा येणारा प्रत्येक मास्तर पहिल्या दिवशी त्यांना हात द्यायला धावायचा आणि बोलणी खायचा. मास्तरांच्या खोलीत माझी चांगली तासभर थट्टा झाली.

निजामाचं राज्य होतं. शिकवायचं उर्दूतून आणि समजावायचं मराठीतून, अशी आम्हा सगळ्यांचीच कसरत चालायची. मी गणित शिकवायचो. वस्ताद नेमणुकीप्रमाणे कवायत घेत, पण त्यांचा जीव कवायतीत नव्हता. 'दाएँ मुड, बाएँ मुड' एवढं सरकारी काम भराभर उरकायचं आणि मग मुलांना पडायला शिकवायचं. पुढं पडायचं, मागं पडायचं, कुशीवर पडायचं. "हनवटी छातीला! पाठ गोल! हात ताठ टेकायचा न्हाय, मनगट जातंय! जमिनीसंगं भांडू नका, दम सोडा!" सगळं पटांगण या आरोळ्यांनी दणाणून जायचं. शेजारच्या वर्गात मी अपूर्णांक शिकवत असायचो आणि माझी मुलं खिडकीतून बाहेर बघत असायची.

दिसायला माणूस काडीपैलवान. पन्नाशीचा, सुकलेला, कान मात्र कुस्तीत चुरगळून गेलेले. सरकारनं दिलेले बूट ते पायात घालायचेच नाहीत. जमीन कळत नाही म्हणायचे. कडुनिंबाच्या काडीनं दात घासताना एका पायावर उभे राहत, आणि वरचे दात संपले की पाय बदलून खालचे घासत. बायका त्यांना बगळा म्हणत. त्यांना ते माहीत होतं, आणि त्याचा त्यांना जरासुद्धा राग नव्हता. "पायजमा चढवताना भिंत धरली की माणूस म्हातारा झाला," ते सांगत, "मग वय पंचवीस का असंना." माझी खोली त्यांच्या खोलीला लागून होती. एका सकाळी दार लावून मी गुपचूप प्रयत्न केला आणि कपाळ चौकटीवर आपटून घेतलं. भिंतीपलीकडून लगेच आवाज आला, "धरली का भिंत, गुरुजी?"

एकदा उस्मानाबादहून शाळा तपासायला मोहतमीम साहेब आले. शिक्षणखात्याचे जिल्ह्यातले सगळ्यात मोठे अंमलदार. चैत्रातलं ऊन होतं, पटांगणात मांडव घातला होता, साहेब खुर्चीत आणि सदर मुदर्रिस, म्हणजे आमचे हेडमास्तर, त्यांच्यामागं हात बांधून उभे. चाळीस मुलं रांगेत उभी होती. वस्तादांनी शिट्टी मारली आणि चाळीसच्या चाळीस मुलं एका दमात जमिनीवर आडवी झाली.

"या अल्लाह!" म्हणत साहेब खुर्चीतून उठलेच. "क्या हुआ इनको? पानी लाओ, पानी!"

शिपाई घागर घेऊन पळत आला आणि मांडवाच्या दोरीत पाय अडकून तोही पडला. घागर फुटली. पण शिपायानं हनवटी छातीला लावली, पाठ गोल केली, एक कोलांटी घेतली आणि हात न टेकता साहेबांपुढं सलाम ठोकून उभा राहिला. वस्तादांनी त्यालाही शिकवलं होतं, हे आम्हाला तेव्हा कळलं. आम्हा मास्तरांना हसू आवरेना आणि हेडमास्तरांचा चेहरा मात्र हळदीसारखा झालेला.

साहेबांना सगळा प्रकार समजला तेव्हा ते चिडले. "मदरसे में बच्चों को खड़ा रहना सिखाते हैं, गिरना नहीं!"

वस्ताद आपल्या मोडक्या दखनीत म्हणाले, "हुजूर, खडा रहना तो माँ सिखाती. गिरे बाद उठना कैसा, वो कोई नईं सिखाता."

आठ दिवसांत लेखी ताकीद आली, की शाळेच्या आवारात पडण्याचा प्रकार यापुढं बंद करावा. वस्तादांनी कागद घडी घालून खिशात ठेवला आणि दुसऱ्या दिवसापासून शाळेआधी मांजरा नदीच्या पात्रातल्या वाळूत शिकवणी सुरू केली. पात्र काही आवारात येत नव्हतं. तिथं तर नुसती मुलंच नाही, बाप्येही यायला लागले. चिंचा झोडपणारे, गवंडी, घोड्यावरून हिंडणारा एक वसुलीचा कारकून.

त्यांची विद्या खरी होती हे मी स्वतः पाहिलं आहे. फाल्गुनात चिंचा झोडपताना एक गडी फांदी मोडून दोन पुरुष उंचीवरून खाली आला. बायकांनी एकच आकांत केला. वस्ताद तिथंच होते. ते मध्ये उभे राहिले आणि कुणाला जवळ जाऊ देईनात. "हात देऊ नका. बघू द्या." त्या गड्याच्या बायकोनं त्यांना जे बोलायचं ते बोलून घेतलं. तेवढ्यात गडी कुशीवर वळला, बसला आणि उठला. खांदा निखळला होता, बाकी माणूस शाबूत. पुढं दरवर्षी त्या घरून वस्तादांकडे पोतंभर चिंचा यायच्या, आणि वस्ताद त्या आमच्या घरी आणून टाकायचे.

मात्र फुशारकी त्यांनी कधी मारली नाही. माझ्या वर्गातला एक मुलगा आपल्याला पडता येतं या गुर्मीत बारवेच्या कठड्यावरून उडी मारायला गेला आणि मनगट मोडून बसला. वस्ताद दोन दिवस जेवले नाहीत. "पडायला शिकवलं," ते मला म्हणाले, "भ्यायला शिकवायचं राहिलं बगा." त्यानंतर ते पहिला आठवडा मुलांना नुसतं खाली बसून उठायला लावत. ते म्हणत, पडणं एका क्षणाचं असतं, पण त्या क्षणी मांड्या काय करतील ते गेल्या दहा वर्षांत ठरलेलं असतं. त्यांना वाटायचं, की माणूस दिवसातून किती वेळा जमिनीवरून उठतो यावर त्याचं सगळं अवलंबून आहे. म्हणून गावात कुणीही भेटलं की रामराम नाही, ख्यालीखुशाली नाही, पहिला प्रश्न हाच, "आज किती?"

आता आईकडे यायला हवं.

माझी आई आमच्या बेंबळीच्या घरची, रानात राबलेली. मी तिचं शेंडेफळ, त्यामुळं मी नोकरीला लागलो तेव्हा ती साठीच्या पुढं गेली होती. वडील नव्हते. मी, माझी बायको आणि आई असे आम्ही कळंबला वस्तादांच्या शेजारीच बिऱ्हाड केलं. आई पहाटे उठून जात्यावर बसायची, मग आडावर जायची, मग चूल, मग सारवण, मग आणखी काहीतरी. तिला रिकामं बसलेलं मी पाहिलंच नव्हतं. वस्तादांनी तिला पहिल्यांदा जात्यावरून उठताना पाहिलं आणि ते दारातच थबकले. तिनं ना जात्याचा आधार घेतला, ना भिंतीचा.

"गुरुजी," ते मला म्हणाले, "आमच्या परंड्याच्या तालमीतबी असं उठणं म्या बघितलं न्हाय. तुमच्या घरात तालीम हाय आन् तुमाला पत्ता न्हाय."

त्या दिवसापासून ते आईला आक्का म्हणू लागले. ती कामावरून दिवसातून किती वेळा उठते हे त्यांना मोजायचं होतं. आईला मोजता येत नव्हतं. मग त्यांनी युक्ती काढली. त्या चिंचांचे चिंचोके एका कोनाड्यात ठेवले आणि शेजारी एक पितळेची वाटी. खाली बसून उठलं, की एक चिंचोका वाटीत टाकायचा. संध्याकाळी वस्ताद यायचे, दारातूनच विचारायचे, "आक्का, आज किती?" आई हसत वाटी पुढं करायची. वस्ताद मांडी घालून चिंचोके मोजत. सत्तर, ऐंशी. दिवाळीच्या फराळाच्या दिवसांत एकदा एकशे चौदा झाले तेव्हा त्यांनी सगळ्या आळीला सांगितलं. आईलाही त्याचा चाळा लागला होता. माझ्या बायकोला म्हणायची, "सूनबाई, तू नगं उठू, मी उठते. माझा एक चिंचोका वाढंल."

वस्तादांनी तिला पडायलाही शिकवलं. आमच्या अंगणात गोधडी अंथरून, माझी बायको शेजारी उभी, आणि आई पदर खोचून कुशीवर पडायची. पडली की पोट धरून हसायची. आई इतकी हसलेली मी त्याआधी पाहिली नव्हती. मी शाळेतून आलो आणि हे पाहिलं तेव्हा मला मात्र लाज वाटली. आळीतले लोक कुंपणावरून बघत होते. मी तोंड वाकडं केलं, आणि आईनं पदर सोडून डोक्यावर घेतला. एवढ्यावरच ते बंद झालं.

त्या सुमारास वस्तादांनी मला त्यांच्या वस्तादाची गोष्ट सांगितली होती. परंड्याच्या तालमीतला तो म्हातारा पैलवान मोठा नावाजलेला. वय झालं तसं चेल्यांनी त्याला हात म्हणून हलवू दिला नाही. चौथऱ्यावर गादी, पाठीशी लोड, दुधाचा पेला तोंडापाशी. सगळं प्रेमापोटीच. चार वर्षांनी तो त्या चौथऱ्यावरून खाली उतरायला गेला. "चौथरा केवढा, ठाऊक हाय?" वस्तादांनी हात गुडघ्याखाली धरला. "एवढा. पडला तो उठलाच न्हाय. ज्यानं आमाला पडायला शिकवलं तो एवढ्यावरून पडून मेला. डोक्याला समदं ठाऊक व्हतं, पायाला राहिलं न्हवतं. अंगाला रोज आठवण द्यावी लागती, गुरुजी." मी ऐकलं आणि हळहळलो. ही गोष्ट पैलवानांची आहे, असं मला वाटलं.

मग मी कायम झालो, हुद्दा वाढला, आणि त्याच वर्षी कळंबात इंजिनावर चालणारी पिठाची गिरणी आली. तिच्या भकभकण्याचं केवढं अप्रूप आम्हाला! पहिल्या पंधरवड्यातच मी जातं उचलून बेंबळीला बहिणीकडे पाठवून दिलं. पाण्याला माणूस लावला. आईसाठी बार्शीहून एक खुर्ची आणवली, वेताची, हातांची, आणि ती अंगणात सावलीत मांडली. झोपायला उंच बाज केली, तिला खाली वाकावं लागू नये म्हणून. आईला खुर्चीत बसवून मी तिच्या पाया पडलो, तेव्हा तिचे डोळे भरून आले होते. आळीतल्या बायका खुर्ची बघायला आल्या. "लेकानं सुख दाखवलं बाई," असं म्हणाल्या. आमच्याकडे आईला बसून खायला घालणं यापेक्षा मोठं लेकपण नाही. ते ऐकून मी आठ दिवस तरंगत होतो.

वस्ताद आले, त्यांनी खुर्ची पाहिली आणि त्यांचा चेहरा उतरला.

"जातं कुठं गेलं?"

"दिलं बेंबळीला. आता गिरणी झाली ना."

"गुरुजी, गिरणीचं पीठ खावा, माझं म्हणणं न्हाय. पर आक्काला खाली बसू द्या, उठू द्या. चुलीपाशी तरी बसू द्या. दळलं म्हंजे पडणार न्हाईत असं म्या म्हणत न्हाय. पडतील. पर उठतील."

अंगणात दोन-तीन बायका होत्या. आई खुर्चीत होती. लोकांसमोर माझं सुख कुणीतरी चूक ठरवत होतं, आणि मला ते सहन झालं नाही.

"वस्ताद," मी म्हणालो, "ज्याला स्वतःची आई नाही, त्यानं दुसऱ्याच्या आईला कामाला जुंपू नये."

हे वाक्य मी बोललो. आज इतक्या वर्षांनी लिहितानाही ते दुसऱ्या कुणाच्या तरी तोंडी घालावंसं वाटतं. वस्तादांनी माझ्या पायांकडे पाहिलं, मग आईच्या, आणि निघून गेले.

मला वाटलं, आता येणार नाहीत. पण दुसऱ्या संध्याकाळी ते दारात उभे. आत आले नाहीत. "आक्का, आज किती?" एवढंच. आईनं खुर्चीतूनच वाटी पुढं केली. त्यांनी मोजले, बावीस निघाले. मान हलवून गेले. त्यानंतर ते रोज येत राहिले, पण त्या एका प्रश्नापलीकडे आमच्या घरात फारसं कधी बोलले नाहीत. मलाही तेच बरं वाटत होतं. क्षमा मागायची म्हणजे आधी आपण चुकलो हे कबूल करायला हवं, आणि आळीभर तर माझं कौतुक चाललं होतं.

आईनं एकदाच विचारलं. खुर्ची येऊन वर्ष झालं असेल. "आरं, शेजारणीकडं जातं हाय. मूठभर दळून येऊ का? अंग आखडल्यावानी झालंय."

"लोक काय म्हणतील, आई? सरकारी शाळेतल्या मास्तराची आई दुसऱ्याच्या जात्यावर?"

"बरं बाबा, राहिलं," ती म्हणाली. पुन्हा तिनं कधी विचारलं नाही.

पण एक गोष्ट माझ्या ध्यानात आली होती आणि मी तिचा अर्थ भलताच लावला. आईची चाल मंदावली होती, न्हाणीकडे जाताना ती भिंत धरायला लागली होती, तरी वाटीतले चिंचोके मात्र वाढत चालले होते. तीस, चाळीस, साठ. एकदा दुपारी शाळेतून लवकर आलो तर आई खुर्चीत बसून मांडीवरचे चिंचोके मूठ भरून वाटीत टाकत होती. मला पाहून दचकली. मला वाटलं, म्हातारी खेळतेय. करमणूक होतेय तिची, असं म्हणून मी आत गेलो. त्या संध्याकाळी वस्तादांनी वाटीतले चिंचोके मोजले, पासष्ट. आईच्या पायांकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं. "झ्याक," म्हणाले आणि गेले.

पुढं आई पडली. कशी ते सांगतोच. त्या पडण्यातून ती उठली नाही. हाडवैद्यांनी खुब्याला फळ्या बांधल्या, बार्शीच्या दवाखान्यापर्यंत बैलगाडीचे हिसके सोसणार नाहीत म्हणाले. चार महिने ती बाजेवर होती. वस्ताद सकाळ-संध्याकाळ येऊन बसत. माझ्या बायकोच्या बरोबरीनं तिला कुशीवर वळवत, तिचे पाय चोळत. "आज किती?" हा प्रश्न त्या चार महिन्यांत त्यांनी एकदाही विचारला नाही. श्रावणात आई गेली.

तिच्या दहाव्याला नदीवरून परत येताना आम्ही दोघं शेजारी चालत होतो. मी क्षमा मागणार होतो. शब्द जुळवून ठेवले होते. तर तेच म्हणाले, "माझं चुकलं, गुरुजी. वाटीतलं खोटं मला पैल्या दिवशीच कळलं व्हतं. पाय सांगत व्हते की. पर तुमी बोलला, ते माझ्या मनाला लागलं व्हतं. म्या बोलायचं सोडून मोजत बसलो." मी मान खाली घालून चालत राहिलो. चूक सगळी माझी होती आणि त्यांनी ती आधी उचलून घेतली. माझी क्षमा मागायची तशीच राहिली. पुढच्या उन्हाळ्यात त्यांची बदली झाली, नंतर एवढी धामधूम झाली, राज्यच बदललं, आणि ते कुठं गेले याचा पत्ता लागला नाही. परंड्याला मी दोनदा जाऊन आलो. तालमीत कुणाला ठाऊक नव्हतं.

पुढं एका शिकलेल्या डॉक्टरांनी मला सांगितलं, की उतारवयात बायकांची हाडं तशीही ठिसूळ होतात, जात्यावर बसली असती तरी पडली असती कदाचित. हे ऐकून मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कदाचित पडली असती, पण वस्तादांचं म्हणणं तेवढंच तर होतं.

आता मी आईच्या तेव्हाच्या वयाच्या पुढं गेलो आहे. मुलानं माझ्यासाठी आरामखुर्ची आणली आहे. मी जमिनीवर बसतो. उठायला वेळ लागतो. मुलगा चांगला आहे, धावत येऊन हात पुढं करतो. "हात मागं घे," मी म्हणतो. त्याला राग येतो. म्हातारा तिरसट झाला असं तो बायकोला सांगतो, तेही मला ऐकू येतं.

ती दुपार सांगायची मी टाळत आलो आहे. रविवार होता. बायको नदीवर धुणं घेऊन गेली होती आणि मी गिरणीत दळण आणायला. अंगणात बाजेवर शेवया वाळत घातल्या होत्या आणि आई राखणीला खुर्चीत बसलेली. शेजारची शेळी आत शिरून शेवयांना तोंड लावायला लागली. आई तिला हाकलायला घाईनं उठली. दोन पावलं गेली असेल. झाडावरून नाही, ओट्यावरून नाही, ती स्वतःच्या उंचीवरून पडली.

मी आलो तेव्हा ती अंगणात कुशीवर होती आणि वस्ताद तिच्यापुढं हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी आवाज ऐकला होता आणि ते भिंतीपलीकडून धावत आले होते. मी दारातच थांबलो.

"उठा, आक्का," ते म्हणत होते. आवाज नेहमीचा नव्हता. "हनवटी छातीला लावली व्हती न्हवं? मग उठा."

आईनं अंग गोळा करायचा प्रयत्न केला. तिचा एक पाय बाहेरच्या बाजूला वळून पडला होता आणि दुसऱ्याहून आखूड दिसत होता. तिनं पुन्हा प्रयत्न केला. मग वर त्यांच्याकडे बघून विचारलं, "वस्ताद, आज हात टेकला तर चालंल का?"

वस्तादांनी तिच्या त्या पायाकडे पाहिलं आणि घडी सोडली. ज्या माणसानं उभ्या जन्मात पडलेल्या कुणाला हात दिला नव्हता, तो गुडघ्यांवर बसला आणि त्यानं दोन्ही हात आईच्या पाठीखाली घातले. मग त्यांनी तिला अलगद उचललं.

"खरं सांगते, वस्ताद," आई त्यांच्या हातांवरून हळूच म्हणाली, "वाटीत म्या मुठीनं टाकत व्हते. माझ्या पोराला कुणी नावं ठेवू नये म्हून."

"ठाऊक हाय, आक्का. ठाऊक हाय."

दोघांनीही माझ्याकडे पाहिलं नाही. मी दारात तसाच उभा होतो, आणि खांद्यावरच्या डब्यातलं गिरणीचं पीठ अजून गरम होतं.